शनिवार गाळू नका

ईस्टरआधीचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत एकदा बोटांवर मोजून बघा. ४६ भरतात. त्यातले ६ रविवार वजा करायचे, कारण रविवार हा उपवासकाळातही येशूच्या पुनरुत्थानाचाच दिवस. उरले ४०. या हिशेबात चाळिसावा दिवस गुड फ्रायडे नाही. तो शनिवार आहे.

आणि नेमका तोच दिवस आपण गाळतो. शुक्रवारी वधस्तंभापाशी रडतो, रविवारी ‘प्रभू उठला आहे’ म्हणतो आणि मधला दिवस रविवारच्या तयारीत घालवतो. पूर्वी तर चर्चलाही तो धरून ठेवता आला नव्हता. पुनरुत्थानाची रात्रीची जागरण-उपासना सरकत सरकत कॅथलिक चर्चमध्ये कित्येक शतकं चक्क शनिवारी सकाळी होत असे. भर उजेडात मेणबत्ती पेटवून अंधारावर विजय मिळाल्याचं गायचं! १९५१ साली पोप बारावे पायस यांनी ती पुन्हा रात्री करायला परवानगी दिली आणि १९५५ च्या सुधारणेनंतर तोच नियम झाला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. शनिवारला त्याची रिकामी वेदी परत मिळाली.

शुभवर्तमानांत या दिवसाबद्दल फार थोडं आहे. लूक एका वाक्यात सांगतो की गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या शनिवारी, आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. या वाक्यापाशी मी दरवर्षी थांबते. ती द्रव्यं मृतदेहासाठी होती. तो उठेल असं त्यांच्यातल्या एकीच्याही मनात नव्हतं. आशा संपली होती, पण प्रेमाचं काम उरलं होतं आणि ते त्या करत होत्या. त्याआधी येशूच्या दफनासाठी निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्यानं गंधरस आणि अगरू आणलं होतं, आजच्या मापानं तीस किलोंहून जास्त. इतकं सामान घेऊन येणारा माणूस परवाच्या पहाटेची वाट बघत नसतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तर याहून अंगावर येणारी गोष्ट आहे. त्या शनिवारी मुख्य याजक आणि परूशी हे यहुदी धर्मपुढारी रोमी सुभेदार पिलाताकडे जातात आणि म्हणतात, तीन दिवसांनी मी उठेन असं तो म्हणाला होता, आम्हाला आठवतंय. मग कबरेच्या धोंडेवर शिक्का बसतो, पहारा लागतो. म्हणजे येशूचा शब्द त्या दिवशी त्याच्या विरोधकांच्या लक्षात होता. शिष्यांना तो आठवत असल्याची एक ओळही कुठे नाही. पूर्वी मला शिष्यांचा राग यायचा. आता येत नाही. दुःखात माणसाला वचन आठवत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आई गेली तेव्हा घरी खूप माणसं आली. सगळी चांगली, सगळी विश्वासातली. ‘ती प्रभूजवळ आहे, रडू नकोस.’ ‘देवाची योजना असते.’ ‘ख्रिस्ती माणसानं असं खचायचं नसतं.’ यातलं पहिलं वाक्य मी तेव्हाही खरं मानत होते, आजही मानते. पण त्या दिवशी प्रत्येक वाक्यासरशी मी जास्त एकटी होत गेले. माझा शनिवार होता आणि जो तो मला ओढून रविवारात नेत होता. मावशी तेवढी काही बोलली नाही. आईच्या कपाटापाशी बसून ती तिच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली, दुपारभर. मीही तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिथे मला पहिल्यांदा रडू आलं.

रडणं म्हणजे अविश्वास, हे आपण कुठून शिकलो? आपल्या मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं आणि तरीही तो कबरेकडे जाताना रडला. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, स्तुतीकडे वळण नाही. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी त्याला गोड शेवट चिकटवला नाही. तसंच ठेवलं, प्रार्थना म्हणूनच.

आणि अम्माऊस गावाच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य बघा. दिवस रविवारचा, कबर केव्हाच रिकामी झालेली, स्त्रियांनी येऊन सांगितलेलंही. पण त्यांचा शनिवार सरलेला नाही. ‘आम्हांला आशा होती’ असं ते म्हणतात, भूतकाळात. उठलेला प्रभू त्यांच्या बाजूनं चालतोय आणि काय करतो? ‘मीच तो’ असं लगेच सांगत नाही. काय बोलत चालला आहात, असं विचारतो आणि सगळं सांगू देतो. पुढे त्यांना मतिमंद म्हणून रागावतोही, शास्त्रलेख उलगडून सांगतो, पण ते ऐकून घेतल्यावर. ओळख पटते ती त्याहूनही नंतर, भाकर मोडताना.

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत आपण आपला विश्वास बोलून दाखवतो त्या वाक्यांत, आपण म्हणतो की तो अधोलोकात, मेलेल्यांच्या जागी, उतरला. मी हे वाक्य वर्षानुवर्षं घाईत म्हणून टाकलं. आई गेल्यानंतर ते माझ्यासाठी सगळ्या विश्वासांगीकारातलं सर्वांत जवळचं वाक्य झालं. जिथे देव नाही असं वाटतं, तिथेही तो जाऊन आला आहे. तिथे तो मेलेल्यांमधला एक होऊन गेला, पूर्ण एक दिवस.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या घरातलं माणूस या वर्षात गेलंय, त्यांना शनिवारीच पुनरुत्थानाचे संदेश पाठवू नका. रविवार येणारच आहे, तो आपण ढकलून आणायचा नसतो. जमलं तर नुसते जाऊन बसा.

काका गेल्याला मावशीला पाच महिने झाले. यंदाच्या शनिवारी मी तिच्याकडे जाणार आहे. त्यांचं कपाट तिनं अजून उघडलेलं नाही.