डीएलएल उडवायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री आठला उद्यमनगरातून पंप बनवणाऱ्या दाजींचा फोन आला. "ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडंना झालंय. सकाळी पॅटर्नवाल्याला ड्रॉइंग द्यायचंय." काय केलंत विचारलं, तर त्यांनी घरच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. प्रोग्राम म्हणजे एक्सई फाइल, तिच्यातच सगळं असतं. डीएलएल फायली (प्रोग्रामला लागणारा तयार कोड ठेवलेल्या वेगळ्या फायली) कंपन्या उगाच भरतात, त्या उडवा, मशीन पळायला लागेल. एक्सई जेवढी मोठी तेवढी रॅम खाते. आणि एखादी डीएलएल नाही अशी तक्रार आलीच, तर नेटवरून उतरवून विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरात टाका. हाच मेसेज आठवड्यात मला तिघांनी पाठवलाय. आता पुरे झालं.

एक्सईत सगळं नसतं. दाजी, तुमचा पंपच घ्या. केसिंग आणि इंपेलर तुम्ही ओतून आणता, पण बेअरिंग कुणी ओतत बसतं का? ड्रॉइंगवर बेअरिंगचा नंबर, 6205, लिहिलेला असतो आणि जोडणीच्या वेळी तो नग आणून बसवता. प्रोग्रामचंही तसंच. कंपायलर लिहिलेल्या कोडचे मशीनला कळणारे सुटे तुकडे करून देतो, त्यांत बाहेरच्या फंक्शनचे, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडचे, पत्ते कोरे असतात. लिंकर ते तुकडे जोडतो आणि जमतील तेवढे पत्ते भरतो. डीएलएलमधल्या फंक्शनसाठी मात्र फाइलचं आणि फंक्शनचं नाव यादीत लिहून ठेवतो. तुम्ही डबल क्लिक केलंत की विंडोजचा लोडर (प्रोग्राम मेमरीत आणणारा भाग) ती यादी वाचतो, एकेक डीएलएल शोधून मेमरीत आणतो आणि मग खरे पत्ते भरतो. एक नग नसला तरी काम तिथंच थांबतं. दाजींच्या स्क्रीनवर एमएसव्हीसीपी140.डीएलएल सापडत नाही असं आलं, ते याच पायरीवर. सी++ मध्ये लिहिलेल्या असंख्य प्रोग्रामना ही लायब्ररी लागते.

आता सगळ्यात घातक सल्ला, नेटवरून डीएलएल उतरवायचा. दाजींनी तेही केलं. मग नवीन एरर आली, 0एक्ससी000007बी. सॉफ्टवेअर 64-बिट आणि उतरवलेली फाइल 32-बिट, या दोन जाती एकमेकींत बसत नाहीत. 64-बिट विंडोजमध्ये सिस्टिम32 फोल्डरात 64-बिट फायली असतात आणि 32-बिटच्या सिसवाऊ64 मध्ये. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असं आहे.

एरर आली हे एका अर्थी बरंच झालं. डीएलएल मेमरीत आली की लोडर आधी तिच्यातलाच सुरुवातीचा कोड चालवतो, तुमच्या प्रोग्रामची पहिली ओळ त्यानंतर. म्हणजे अनोळखी साइटवरची फाइल बरोबर बसली असती, तर ती ज्यानं बनवली त्याचा कोड तुमच्या प्रोग्रामच्या सगळ्या अधिकारांनिशी चालला असता. त्याच मशीनवर दाजींचं बिलिंग आहे, बँकेचं लॉगिन आहे. मेसेज पुढं ढकलणाऱ्यानं याचा विचार केला होता का?

रॅमचं म्हणणंही चूक. लोडर अख्खी फाइल रॅममध्ये ओतत नाही. तो तिची नुसती मांडणी करून ठेवतो आणि लागेल ते पान (मेमरीचा छोटा तुकडा), बहुतेक वेळा 4 केबीचं, तेव्हाच आणलं जातं. शिवाय एकच डीएलएल दहा प्रोग्राम वापरत असले, तरी तिचा कोड रॅममध्ये सहसा एकदाच असतो.

एक मान्य करतो. एकाच डीएलएलच्या चार-पाच प्रती डिस्कवर सापडतात, त्या जागा खातात. पण कारण आहे. पूर्वी एका सॉफ्टवेअरनं सामाईक डीएलएल बदलली की दुसरं बंद पडायचं, म्हणून अनेक कंपन्या आपली प्रत आपल्याच फोल्डरात ठेवतात आणि लोडर साधारणपणे आधी तिथंच बघतो. विंडोज स्वतःच्या भागांच्या प्रती ठेवते तो विनएसएक्सएस फोल्डर तर दिसतो त्यापेक्षा लहान असतो, कारण त्यातल्या बऱ्याच फायली दुसरीकडच्याच फायलींची दुसरी नावं आहेत. तो हातानं साफ केला तर मशीन सुरूच न होण्याइतकं नुकसान होऊ शकतं, असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं आपल्या कागदपत्रांत लिहिलंय. जागा हवी असेल तर विंडोजचं डिस्क क्लीनअप वापरा, नको असलेलं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा.

दाजींच्या मशीनवरची ती फाइल मी काढली, पूर्ण स्कॅन लावला, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल (ती हरवलेली डीएलएल देणारं पॅकेज) टाकलं आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर रिपेअर केलं. केसिंगचं ड्रॉइंग उघडलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. ज्यांनी अशी फाइल आधीच टाकलीय, त्यांनी ती काढून स्कॅन करा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून आजच बदला.