उसाच्या फडातील पिल्ले टाकलेली नसतात

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, निफाड या पट्ट्यात एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. फडात बिबट्याची पिल्ले दिसली, तर त्यांची आई त्यांना टाकून गेली आहे असे समजावे. माणसाचा हात लागलेले पिल्लू मादी पुन्हा जवळ करत नाही. म्हणून ती लगेच उचलून बिबट्यांच्या निवारा केंद्रात पोहोचवावीत, मोठी झाली की जंगलात सोडता येतील आणि गावाचा धोकाही टळेल, असा त्याचा आशय असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांना पिल्लांविषयी कळवळा असतो, हे मी मान्य करतो. तरीही त्यातील एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि त्यावर विसंबल्यामुळे आई जिवंत असलेली पिल्ले पोरकी होतात.

‘टाकून गेली’ हे पहिले विधान घेऊ. बिबट्याची मादी पिल्ले एकटीने वाढवते, नराचा त्यात काही वाटा नसतो. साधारण तीन महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा दोन किंवा तीन पिल्ले जन्मतात. पहिला आठवडाभर त्यांचे डोळेही मिटलेले असतात आणि त्यानंतरही कित्येक आठवडे ती आईबरोबर लांब चालू शकत नाहीत. त्यांना दूध मिळायचे, तर आईला शिकार करावीच लागते. म्हणून ती त्यांना दाट आडोशाला लपवून जाते, कधी कधी दिवसभराहूनही अधिक काळ परतत नाही आणि मधूनमधून लपवण्याची जागाही बदलते. पिल्लांचे निपचित पडून राहणे हाही या बचावाचाच भाग आहे. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष उभा असतो; आत माणसाचा वावर कमी, पाणी जवळ आणि वस्तीवरची कुत्री व डुकरे सहज मिळणारी, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या उसातच वाढलेल्या मादीला हा फड जंगलाइतकाच सुरक्षित वाटतो. तोडणीची टोळी कोयते घेऊन शिरली की ती शेजारच्या उभ्या उसात सरकते, आणि पाचटात उरलेले पिल्लू तेवढे आपल्या दृष्टीस पडते.

माणसाच्या स्पर्शाबद्दलचा समज तर प्रत्यक्ष अनुभवानेच खोडून काढला आहे. जुन्नर वनविभागात वनकर्मचारी आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य अशी पिल्ले तपासतात, अंगावरील गोचिड्या काढतात, ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवतात आणि संध्याकाळी, सापडली त्याच ठिकाणी, उघड्या क्रेटमध्ये ठेवून मागे सरतात. या सगळ्यात माणसाचे हात कितीदा लागतात, ते वेगळे सांगायला नको. तरीही रात्री मादी येते, क्रेटजवळ घुटमळते, पिल्लाची मान तोंडात धरते आणि त्याला घेऊन जाते. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी हे वारंवार टिपले आहे. पहिल्या रात्री ती आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न केला जातो. अडचण येते ती पिल्लू दूर नेल्यामुळे, सापडलेली नेमकी जागा कोणी सांगू न शकल्यामुळे किंवा बघ्यांची गर्दी रात्रीही हटत नसल्यामुळे.

‘मोठी झाली की सोडता येतील’ हा दिलासा सर्वांत फसवा आहे. पिल्लू साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत आईच्या आसपास राहते. सावज कुठे गाठायचे, माणसाची चाहूल लागताच कसे दबून बसायचे, दुसऱ्या बिबट्याच्या हद्दीतून कसे निसटायचे, हे सारे त्या काळात त्याच्या अंगवळणी पडते. बाटलीने दूध पाजून वाढवलेला बिबट्या माणसाला अन्नदाता मानू लागतो, आणि दाट वस्तीच्या तालुक्यात असे जनावर मोकळे सोडण्याची जबाबदारी कोणीही घेऊ शकत नाही. उत्तर प्रदेशातील दुधव्याच्या जंगलाकाठी वन्यजीवरक्षक बिली अर्जन सिंग यांनी १९७० च्या दशकात काही बिबटे वाढवून सोडले होते, हे खरे; पण त्यांनी त्यासाठी जंगलाकाठी राहून वर्षे वेचली होती. आई खरोखरच महामार्गावर किंवा विहिरीत मेली असेल, तर केंद्राला पर्याय नसतो. मात्र त्या पिल्लाचे उरलेले आयुष्य बहुधा पिंजऱ्यातच जाते.

धोक्याच्या मुद्द्यावर मला सावधपणे बोलले पाहिजे, कारण जुन्नर आणि शिरूर तालुक्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुलेही दगावली आहेत आणि तिथल्या लोकांची भीती खरी आहे. परंतु पिल्ले उचलल्याने मादी गाव सोडत नाही. ती त्यांच्या शोधात त्याच फडाभोवती घुटमळत राहते, आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, अनेकदा जवळच असतात. पिल्ले परत मिळालेली मादी मात्र बहुधा त्याच रात्री त्यांना दुसरीकडे हलवते.

शिवाय फडात सापडलेले प्रत्येक ठिपकेदार पिल्लू बिबट्याचे नसते. रानमांजराची आणि वाघाटीची पिल्लेही ‘बिबट्याचे बछडे’ म्हणून उचलली जातात. वाघाटी तर जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक आहे. त्यांनाही आईजवळच ठेवायचे असते, म्हणून ओळख पटवण्याचे काम वनकर्मचाऱ्यांवर सोडावे. पिल्लू दिसताच त्या भागातील तोडणी थांबवावी, मुलांना आणि कुत्र्यांना दूर न्यावे, जागेवर खूण करावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कर्मचारी येईपर्यंत फोटोसाठीही त्याला उचलू नये, आणि अंधार पडल्यावर त्या बांधाकडे कोणी फिरकू नये.