पिग्मीवालीचा रोजगार बुडाला तर?

एखाद्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की पहिली बातमी ठेवीदारांची येते, आणि ती यायलाच हवी. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, २०२१च्या दुरुस्तीने ती रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूदही झाली. पण त्याच संध्याकाळी आणखी एकाचं पोट मारलं जातं, त्याची बातमी होत नाही. नव्या ठेवी घ्यायला मनाई म्हणजे पिग्मी, म्हणजे दारोदार फिरून रोज गोळा केली जाणारी छोटी बचत, बंद; आणि पिग्मी बंद म्हणजे ती गोळा करणाऱ्या एजंटचं कमिशन बंद. उलट गल्लीतले लोक एजंटच्याच दारात येऊन बसतात. चेअरमनला कोणी पाहिलेलं नसतं, पैसे याच्या हातात दिलेले असतात.

माझी वहिनी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. पतसंस्थेच्या ठेवींना तर तो विमाही नाही. करारावर ती 'स्वतंत्र प्रतिनिधी', कर्मचारी नव्हे. हे स्वातंत्र्य कसलं, तर मशीन संस्थेचं, ओळखपत्र संस्थेचं, कमिशनचा दर संस्था ठरवणार, दुसऱ्या संस्थेचं काम धरलं तर एजन्सी रद्द, आणि वर अनामत भरून ठेवायची. चार वाजले की ती स्टँडसमोरच्या फळगाड्यांपासून सुरुवात करते. कोणी पन्नास देतो, कोणी "ताई, उद्या या" म्हणतो. जुनं गिऱ्हाईक चार दिवस चुकलं तर खातं मोडायला नको म्हणून स्वतःच्या पर्समधले भरते. आता निम्म्या दुकानांत क्यूआर कोड लागलेत, गल्ल्यात रोकडच नसते. तो तोटाही तिचाच.

हा वाद जुना आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली आणि तिच्याच ठेव संकलकांचा, म्हणजे पिग्मी एजंटांचा, खटला २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालय म्हणालं, हे लोक कामगार आहेत आणि कमिशन हे त्यांचं वेतनच आहे. बँकेच्या कायम कर्मचाऱ्यांची बरोबरी मिळाली नाही, पण किमान मोबदला आणि ग्रॅच्युइटी मान्य झाली. माझ्या पाहण्यातल्या एकाही पतसंस्थेने तो निकाल अंगाला लावून घेतलेला नाही.

खरी मेख पुढे आहे. त्या निकालाला आधार होता औद्योगिक विवाद कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येचा, कारण तीत कमिशन स्पष्ट धरलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत कमिशन वेतनातून वगळलेल्या रकमांच्या यादीत जाऊन बसलं. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरायचा, अशी पुस्ती आहे म्हणून बरं. पण जिची सगळी कमाईच कमिशन, तिच्या निम्म्या घामाचा हिशेब कुठे गेला?

बेरोजगारी भत्ता आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. कोरोनात तिचा भत्ता सरासरी वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला, जास्तीत जास्त ९० दिवस. पण मुळात विमाधारक कर्मचारी असाल तर. लॉकडाऊनमध्ये बाजारपेठ बंद होती तेव्हा वहिनीचं कमिशन शून्यावर आलं आणि तिच्यासाठी कुठलाच अर्ज नव्हता. अमेरिकेतही फक्त कमिशनवर काम करणारे विमा एजंट बेरोजगारी विम्याच्या केंद्रीय कायद्यातून वगळलेले आहेत. तरी मार्च २०२० मध्ये तिथल्या संसदेने स्वतंत्र कंत्राटदारांसाठी तात्पुरता भत्ता काढलाच. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

"कमिशनवाल्याचं उत्पन्न रोज बदलतं, सरासरी कशी काढणार?" असा भत्ता पिग्मीवालीलाही हवा म्हटल्यावर हे मला एका संचालकांनी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. अहो, टीडीएस कापताना बरी निघते रुपया-पैशापर्यंत! तोच आकडा घ्या. मागच्या बारा महिन्यांच्या कमिशनची सरासरी, त्यावर संस्थेचा थोडा हिस्सा, एजंटचा थोडा हिस्सा. काम बंद पडलं तर तीन महिने निम्मी रक्कम.

पतसंस्थांच्या निवडणुकांत उमेदवार पिग्मीवालीलाच पुढे घालून गल्लीगल्ली फिरतात, कारण सभासदांची घरं तिलाच पाठ असतात. यंदा तुमच्या दारात आले तर तिच्यासमोरच हे विचारा.