चंद्रा नदीला पूर उन्हाने येतो

सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर हिमाचलमधल्या चंद्रताल तळ्याची चौकशी सुरू होते. टेंट कितीला पडतो, जेवण कसं असतं, आपली गाडी न्यावी का. वाटेत रस्ता कापणारे नाले किती वाजता ओलांडायचे हे कुणीच विचारत नाही, आणि चंद्रा नदीच्या त्या खोऱ्यात सगळं त्यावरच अवलंबून असतं.

माळव्यात आपल्याला नदी कळते ती पावसावरून. चोरल असो की पाताळपाणी, वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की खाली लोंढा येतो, म्हणून आभाळ स्वच्छ असलं की आपण निर्धास्त होतो. चंद्रेच्या काठी नेमक्या त्याच दिवशी जपायचं. पीर पंजालची रांग बरेचसे मान्सूनचे ढग अडवते, त्यामुळे पलीकडे लाहौलला, म्हणजे चंद्रेच्या मुलखात, पाऊस कमी. नदीला पाणी मिळतं ते बर्फाचं. बारालाचा खिंडीखाली उगम पावलेली चंद्रा बातल या ठिकाणाजवळ वळते आणि पुढे तांदी गावाला भागा नदीला मिळते. हीच पुढे चिनाब होते. वाटेत सुमारे 28 किलोमीटर लांबीची बडा शिगरी हिमनदी तिच्यात रिकामी होते. जूनमध्ये मुख्यतः हिवाळ्याचा बर्फ वितळतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो सरून खालचा जुना, मळकट बर्फ उघडा पडतो. तो पांढऱ्या बर्फापेक्षा जास्त ऊन शोषतो, म्हणून याच दोन महिन्यांत पाणी सर्वांत जास्त असतं.

रोजचं चक्रही उन्हाचंच. रात्री वर गोठतं, पहाटे नाले सर्वांत उतरलेले असतात. दहानंतर पाणी चढू लागतं. रस्ता कापणारे आखूड नाले दुपारीच भरतात, मुख्य नदी संध्याकाळी, कारण पाण्याला लांबून यायला वेळ लागतो. सकाळी घोट्याइतका असलेला नाला दुपारी चारला गाडी ढकलू शकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे लक्षात ठेवा.

म्हणून ‘नाश्ता करून नऊला मनालीहून निघू’ असं सांगणाऱ्या एजंटाकडे बुकिंग करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण ग्राम्फूच्या फाट्यापासून बातलपर्यंत रस्ता म्हणजे बहुतेक गोटेच. सहा-आठ तास सहज जातात आणि वाईट नाले नेमके दुपारी समोर येतात. अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला मुक्काम करून पहाटे पाचला निघा. उंचीसाठीही तेच बरं. इंदूर साडेपाचशे मीटरवर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या वर. मनालीहून थेट तिथे झोपायला गेलात तर डोकेदुखी आणि उलट्यांनी रात्र जाते. तीन हजारांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, त्या हिशेबाने सिस्सूची एक रात्रही कमीच पडते.

नाल्यात गाडी घालण्याआधी कुणीतरी उतरून काठीने तळ चाचपा. दगडाच्या बारीक पिठाने पाणी कालवलेल्या सिमेंटसारखं राखाडी होतं, तळ दिसतच नाही. पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये गिअर बदलणं नाही, थांबणं नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. आत पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. खाली बसक्या गाड्यांचा ऑइल चेंबर गोट्यावर आपटून फुटतो, आणि तिथे दुरुस्ती मिळत नाही. पेट्रोल मनालीतच टाकी भरून घ्या, ग्राम्फूच्या पुढचा पंप थेट काझाला.

हामटा खिंडीतून चंद्रेकाठच्या छत्रूला पायी उतरणाऱ्यांनी बूट काढून पाण्यात जाऊ नये. गारठ्याने पाय काही मिनिटांत बधिर होतात आणि गोटे निसरडे असतात. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे. नदी जिथे पसरून फाटे फुटतात तिथे ओलांडा. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच पाणी सर्वांत खोल आणि वेगवान असतं. पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज आला, तर परत फिरा आणि दुसऱ्या सकाळची वाट बघा. या वाट पाहण्यासाठी वेळापत्रकात एक मोकळा दिवस हवाच. जुलै 2023 मध्ये अवेळी बर्फ पडून दरडी कोसळल्या, तेव्हा अडीचशेहून जास्त पर्यटक चंद्रतालला काही दिवस अडकले होते.

शाळांच्या सुट्टीत जायचा आग्रह सोडा. मे महिन्यात हा रस्ता बहुधा बंदच असतो, जूनमध्ये नुकता उघडलेला. अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघून निघालात तर रात्री थंड, नाले उतरलेले आणि नदी निवळू लागलेली मिळते. फक्त गरम कपडे जास्त घ्या, आणि तंबू तळ्याच्या काठावर मागू नका. ते 2005 पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे, काठावर मुक्कामाला बंदी आहे. कॅम्प दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात, तिथून चालत जावं.