ग्राहकाच्या मते

माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक गेले अठरा दिवस भिंतीला टेकून उभे आहे, गाडी लोखंडी स्टँडवर टेकून उभी आहे, आणि घरातली माणसे येता-जाता या दोघांकडे पाहतात, माझ्याकडे मात्र पाहत नाहीत. ब्रेक पॅड बदलणे हे घरच्या घरी दोन तासांत होणारे काम आहे, असे मी ज्या रविवारी जाहीर केले, त्या रविवारपासून हे चालू आहे.

पहिली चूक माझी होती आणि ती मी एका वाक्यात उरकतो: मी मागच्या चाकांचे पॅड मागवले, आणि माझ्या गाडीला मागे डिस्क (म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिच्यावर पॅड दाबले जातात) नाहीतच, ड्रम आहेत, त्यामुळे ते पॅड बसवायला आधी दुसरी गाडी घ्यावी लागली असती. ते मी मुकाट्याने परत केले. त्या वेळी मला कोणी काही विचारले नाही, कोणी काही तपासले नाही, आणि पैसेही बिनबोभाट परत आले. माझी चूक असताना जग माझ्याशी इतके सौजन्याने वागले, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण दुसऱ्या वेळी माझी चूक नव्हती.

मुळात ब्रेक करकरत होते. पॅड झिजत आले की त्यांच्या पाठीला लावलेली पोलादी पट्टी डिस्कला घासू लागते आणि कर्कश आवाज करते. म्हणजे तो आवाज बिघाडाचा नसून सूचनेचा असतो, आणि तशी योजना कोणीतरी विचारपूर्वक केलेली असते. (फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्या ब्रेकमध्ये तांबे डिस्कवर दाबले जाई, आणि ते इतके किंचाळे की त्या काळात निराळ्या सूचनेची गरजच नसावी.) नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत असे सांगतात. माझा त्याहून खाली गेला होता.

मग पुढच्या चाकांचे पॅड मागवताना संकेतस्थळाने मला गाडीची कंपनी विचारली, मॉडेल विचारले, वर्ष विचारले. वर्ष म्हणजे कोणते, हे विचारण्याची सोय नव्हती. गाडी तयार होते एका वर्षी, तिची नोंदणी होऊ शकते दुसऱ्या वर्षी, आणि कंपनीच्या लेखी तिचे ‘मॉडेल वर्ष’ आणखी तिसरेच असू शकते. त्यातच एका मॉडेलला वर्षाच्या मध्येच वेगळ्या बनावटीचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, लावायला सुरुवात करणे ही मोटारी बनवणाऱ्यांची जुनी सवय आहे, आणि त्याचा उल्लेख गाडीच्या नावात कुठेही होत नाही. हे सगळे मला ठाऊक होते. म्हणूनच मी खाली ‘ऐच्छिक’ असे लिहिलेल्या चौकटीत गाडीचा ओळख क्रमांकही भरला, तोही काचेच्या कोपऱ्यातून टॉर्चच्या उजेडात वाचून. हा क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण माणसे त्यांना एक आणि शून्य समजतात. ज्यांनी हा नियम केला त्यांना चुकणाऱ्या माणसाची कल्पना होती, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. संकेतस्थळाने क्षणभर विचार केल्यासारखे दाखवले आणि हिरवी खूण देऊन सांगितले: ‘हा भाग आपल्या गाडीला बसतो.’

तो बसला नाही. पॅडच्या दोन्ही टोकांना कानांसारखे जे भाग असतात आणि जे कॅलिपरच्या चौकटीतल्या खाचांत सरकतात, ते कान ३ मिलिमीटरने मोठे होते. मी हे व्हर्नियर कॅलिपरने मोजले. कॅलिपर मोजण्यासाठी कॅलिपर, हा विनोद मी घरात केला आणि त्यावर कोणी हसले नाही. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे, कानस घेऊन घासले तर दहा मिनिटांचे काम, असा विचार माझ्या मनात आलाच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु दाराची कडी घासून बसवणे आणि ब्रेक घासून बसवणे यांत फरक आहे, आणि तो फरक उतारावर कळतो.

येथे मला जरा मागे जाऊन एका आरशाविषयी सांगायचे आहे. काही वर्षांपूर्वी मी बाजूचा आरसा असाच मागवला होता, आणि त्याच्या वर्णनात ‘ड्रायव्हरच्या बाजूचा’ असे स्पष्ट लिहिले होते. ड्रायव्हर उजवीकडे बसतो की डावीकडे, हे जगातल्या निरनिराळ्या देशांनी निरनिराळे ठरवलेले आहे, आणि ते वर्णन ज्या देशात लिहिले गेले तिथे ड्रायव्हर माझ्या शेजारच्या सीटवर बसत असे. तो आरसा अजून माझ्याकडे आहे. दाढी करण्यासाठी तो वाईट नाही, फक्त त्यात माझा चेहरा आहे त्यापेक्षा लांब दिसतो. तर, अनुभव नव्हता असे नाही.

मी परतीची विनंती केली आणि तिसऱ्या दिवशी एक तरुण दारात उभा राहिला. त्याची वागणूक इतकी अदबशीर होती की त्याच्यावर रागावणे शक्य नव्हते, आणि त्यामुळे माझा राग आजही माझ्याकडेच शिल्लक आहे.

“नमस्कार काका, चार पीसचा सेट परत न्यायचा आहे ना?”

मला काका म्हणावे इतके माझे वय झालेले नाही, हा मुद्दा मी त्या वेळी बाजूला ठेवला आणि खोके पुढे केले. त्याने खोके घेतले नाही. त्याने फोन काढला आणि, काही प्रश्न विचारावेच लागतात, माफ करा, असे म्हणून विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न कोणत्या वस्तूंसाठी तयार केलेले असावेत, हे मला दुसऱ्या प्रश्नापर्यंत लक्षात आले नाही.

“टॅग काढला आहे का?”

“टॅग नव्हताच.”

“वस्तू धुतली आहे का?”

“नाही.”

“वस्तूला परफ्यूमचा वास येतो का?”

मी पॅड नाकाशी नेऊन खरोखर हुंगला. अदबीने विचारलेल्या प्रश्नाला मी नेहमी प्रामाणिक उत्तर देतो. “परफ्यूमचा नाही. कारखान्याचा येतो.”

“कारखान्याचा पर्याय नाही. ‘नाही’ लिहितो.” मग तो जरा अडखळला. “घालून पाहिली होती का?”

“मी नाही. गाडीला घालून पाहिली.”

“मग ‘हो’ लिहू?”

“‘हो’ लिहिल्याने काय होईल?”

“मग परत घेता येणार नाही.”

“आणि ‘नाही’ लिहिले तर?”

“तर ती बसत नाही हे आपल्याला कसे कळले, असा पुढचा प्रश्न येतो.”

आम्ही दोघेही काही काळ त्या फोनकडे पाहत राहिलो. शेवटी त्याने ‘नाही’ लिहिले आणि पुढच्या प्रश्नाला ‘दिसण्यावरून’ हा पर्याय निवडला. ब्रेक पॅड दिसण्यावरून नापसंत करणारा मी बहुधा पहिलाच ग्राहक असेन.

त्यानंतर छायाचित्राचा विषय आला. संकेतस्थळावरच्या छायाचित्रात चार पॅड पांढऱ्या पार्श्वभूमीवर पंख्यासारखे मांडलेले होते, आणि वस्तू तीच आहे हे सिद्ध करण्यासाठी तसेच छायाचित्र घेणे आवश्यक होते. मी उंबरठ्यावर पांढरी चादर अंथरली. त्याने पॅड मांडले, मागे सरकून पाहिले, पुन्हा मांडले. “फोटोत दोन उताणे आहेत आणि दोन पालथे आहेत,” तो म्हणाला. मी दोन पालथे केले. “सावली मात्र फोटोत उजवीकडे पडली आहे.” मी दिवा धरून डावीकडे उभा राहिलो. स्वतःच्याच घरात उंबरठ्याशी ओणवा होऊन, चार ब्रेक पॅडांची सावली उजवीकडे पडावी म्हणून धडपडणारा माणूस पाहून वरून उतरणारे एक शेजारी थबकले आणि काही न विचारता पुन्हा वर गेले.

हे सर्व झाल्यावर त्याने खोक्यावरची बारीक अक्षरांतली यादी वाचली आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका उमटली. “पण काका, यावर तर आपल्याच गाडीचे नाव आहे.”

“आहे.”

“मग बसत कसे नाही?”

मी त्याला गाडीपाशी नेले, आणि ही माझी खरी चूक. चाक काढलेले होते, आणि कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो म्हणून मी तो जुन्या बुटाच्या नाडीने वरच्या स्प्रिंगला बांधला होता. त्याने आधी नाडीकडे बोट दाखवून, ही सेटमध्ये आली होती का, असे विचारले, कारण सोबत आलेली प्रत्येक वस्तू परत नेणे बंधनकारक होते. नाडी माझी आहे हे मी त्याला पटवले. मग त्याने बाह्या सरसावल्या, गुडघ्यावर बसला आणि पॅड बसवू लागला. मी टॉर्च धरली. त्याने पॅड वरून घातला, खालून घातला, उलटा करून घातला, अंगठ्याने दाबला, तळहाताने ठोकला. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत इतर लोकांच्या वस्तू वाट पाहत होत्या आणि तो माझ्या गाडीच्या कुशीत शिरून, जीभ किंचित बाहेर काढून, एका वाक्याची सत्यता तपासत होता. “जरा घासले तर?” असेही त्याने विचारले, आणि तो मला त्या क्षणी सख्ख्या भावासारखा वाटला.

शेवटी तो उठला. हात काळे झाले होते. “काका,” तो गंभीरपणे म्हणाला, “हे बसत नाही.”

सबंध प्रकरणात हे पहिल्यांदाच दुसऱ्या कोणी तरी म्हटले होते. मी जवळजवळ त्याचे आभार मानले. मग त्याने फोनवर कारण निवडले आणि नियमाप्रमाणे मला वाचून दाखवले: “ग्राहकाच्या मते बसत नाही.”

“मते?” मी म्हणालो. “तुम्ही आत्ता स्वतः पाहिलेत. तुमच्याही मते बसत नाही ना?”

“माझ्या मते तर अजिबात बसत नाही, काका. पण माझ्या मताला इथे जागा नाही.”

तो गेला आणि मी बराच वेळ त्या एका शब्दावर जळत राहिलो. हिरव्या खुणेशेजारी ‘संकेतस्थळाच्या मते’ असे लिहिलेले नव्हते. त्यांनी टॉर्च धरली नाही, मोजमाप घेतले नाही, गाडी पाहिलेली नाही, तरी त्यांचे ते विधान, आणि मी मिलिमीटरमध्ये मोजून सांगितले तरी ते माझे मत. पूर्वी पॅड विकणारा माणूस जुना पॅड हातात घेई, उलटा करी आणि आतून नेमका तसाच आणून देई. चुकले तर ते त्याचे चुकणे असे. आता त्याचे काम माझ्याकडे आले आहे, ऐच्छिक चौकटीसकट, आणि त्यात चूक निघाली तर तीही माझीच.

मी मग तेच केले जे तो माणूस करत असे. जुन्या पॅडच्या लोखंडी पाठीवरचा काळा थर तारेच्या ब्रशने घासून काढला, आणि खाली ठसठशीत क्रमांक होता. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता, हे मी येथे सांगत आहे, घरात सांगितलेले नाही. त्या क्रमांकाचे पॅड शोधताच संकेतस्थळाने तांबडी फुली दाखवली: ‘हा भाग आपल्या गाडीला बसत नाही.’ मी तत्काळ मागवले. ते अजून वाटेत आहेत.

काल संध्याकाळी घंटा वाजली तेव्हा मला वाटले, तेच आले. दारात तोच तरुण होता आणि त्याच्या हातात तेच जुने खोके होते. सोबतच्या कागदावर लिहिले होते की तपासणीत वस्तूवर वापराच्या खुणा आढळल्यामुळे परतावा नाकारण्यात येत आहे, आणि पुराव्यादाखल छायाचित्र जोडले होते: पॅडच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर ग्रीसचा एक स्वच्छ, ठळक, पूर्ण अंगठा. मी पॅड हाताळताना हातमोजे घातले होते. तेल-ग्रीस लागलेला पॅड नीट पकडत नाही, त्यामुळे तो नाकारण्याचे त्यांचे कारण तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे, आणि मला झोंबले ते हेच.

त्याने छायाचित्र निरखून पाहिले, स्वतःचा अंगठा त्याच्या शेजारी धरला आणि पुन्हा निरखून पाहिले.

“हा माझा आहे,” तो म्हणाला. त्याला वाईट वाटले होते, पण अंगठा इतका छान आला होता की थोडा अभिमानही वाटला असावा.

“मग तसे लिहा.”

त्याने फोनवर बोट वर-खाली सरकवून सगळे पर्याय पाहिले, दोनदा पाहिले. “‘ग्राहकाच्या मते खुणा दुसऱ्याच्या आहेत’ असे एक आहे,” तो म्हणाला. “ते लिहू का, काका?”