पोरं सुधारल्याचा अहवाल कसा लिहावा

अभिनंदन! वाया जाऊ घातलेल्या पोरांना वळण लावायचा प्रकल्प अखेर तुमच्या संस्थेला मिळाला. बीड घ्या, परभणी घ्या, जालना घ्या, पोरांचा तुटवडा कुठेच नाही. आता पैसे देणारे म्हणतात, शेवटी मूल्यमापन करून द्या. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? पेपर तुम्हीच काढायचा, तुम्हीच सोडवायचा आणि तुम्हीच तपासायचा. एवढ्यावर नापास व्हायला अंगात वेगळीच कर्तबगारी लागते.

खरी मेहनत पोरं निवडतानाच करून टाका. ज्याच्यावर दोन-तीन प्रकरणं आहेत, जो बाल न्याय मंडळासमोर तारखेला जातो, त्याच्या वाटेला जाऊच नका. कायद्याच्या भाषेतला हा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ प्रस्तावात शोभून दिसतो, शिबिरात नाही. त्याच्या घरी जाऊन आलेल्या परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवालही मागू नका. बाप पितो का, शाळा कधी सुटली, पोरगा कुणाच्या गाडीवर फिरतो, असलं काहीबाही त्यात असतं आणि वाचून उगाच झोप उडते. त्यापेक्षा ओळखीच्या मुख्याध्यापकांना फोन लावा, “सर, पन्नास पोरं द्या, जरा शिस्तीची बघा.” सर आठवी-नववीची अशी पोरं पाठवतील की शेजारच्या रानातला हरभरा सोडला तर त्यांनी परक्याच्या कशालाच हात लावलेला नसतो. वर्षभराने बघा, एकावरही गुन्हा नाही. शंभर टक्के यश!

आणि द्वाड पोरंच गळ्यात पडली तर? तर मुहूर्त सांभाळा. गावात मारामाऱ्या अगदी कळसाला पोचल्या की उद्घाटन करा. कळसाच्या पुढे वाट खालीच जाते, तुम्ही काही करा अथवा करू नका.

त्यातून आपल्या मराठवाड्यावर साखर कारखान्यांचे फार उपकार आहेत. दसरा-दिवाळी झाली की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी नवरा-बायकोची जोडपी, ट्रकात, ट्रॅक्टरात बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात. आईबापाबरोबर पंधरा-सोळा वर्षांचं पोरगंही जातं. म्हणून ‘प्रकल्पापूर्वी’ची मोजणी सप्टेंबरात उरका आणि ‘प्रकल्पानंतर’ची जानेवारीत. तेव्हा गावात मोटारसायकल चोरायला पोरगंच शिल्लक नसतं. आलेख असा सरळ खाली येतो की बघणाऱ्याचा ऊर भरून यावा. पोरगं तिकडे कोल्हापूरच्या फडात मोळ्या बांधतंय, हे लिहायला अहवालात रकानाच नाही, त्याला तुम्ही काय करणार? एक पथ्य मात्र पाळा: हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करा म्हणून कुठेही अर्ज देऊ नका. सुरू झालं तर पोरं गावात राहतील, शाळेत जातील आणि तुम्हाला खरंखुरं काम करावं लागेल.

तुलनेसाठी दुसरा गट ठेवायची सूचना कुणी केली, तर विषय बदला. हे खूळ जुनं आहे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली ५०६ मुलं घेतली, एकमेकांसारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकालाच मदत दिली. समुपदेशक घरी यायचे, अभ्यास घ्यायचे, डॉक्टरकडे न्यायचे, उन्हाळी शिबिराला पाठवायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक म्हणाले, आमचं भलं झालं. इथेच अहवाल छापायला नको होता का? पण बाईंनी न मिळालेल्यांशी ताडून पाहिलं. मदत मिळालेले कशातच सरस नव्हते, आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करण्यात, दारूत, लवकर मरण्यात तेच पुढे होते. पुढे असंही दिसलं की ज्यांना शिबिराला वारंवार पाठवलं होतं, त्यांचंच जास्त बिघडलं. बिघडलेली पोरं एका तंबूत कोंबल्यावर ती एकमेकांना काय शिकवत असतील, हे आपल्याकडे कुठल्याही पानटपरीवाल्याला माहीत आहे. पण पानटपरीवाल्याला मूल्यमापन समितीवर कोण घेतं?

तेव्हा धडा घ्या आणि ‘भलं झालं’पाशीच थांबा. फॉर्म सोपा ठेवा. ‘मी यापुढे गुन्हा करणार नाही’: पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही. चौथा पर्याय नको. फॉर्म जमा झाल्याशिवाय पोह्याची प्लेट हलवायची नाही. मागच्या रांगेतला एखादा शेजाऱ्याचं बघून नावासकट उतरवून देतो. देऊ द्या, दोन्ही फॉर्म मोजा.

कार्यक्रमात रंग भरायचा असेल तर पोरांना तुरुंग दाखवून आणा, संभाजीनगरचं हर्सूल जवळच आहे. अल्पवयीन मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवायचं नाही असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो, पण सहलीचं त्यात कुठे काय आहे? न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेचे कैदी पोरांवर ओरडून त्यांना भीती घालायचे. त्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्करही मिळालं. मग जेम्स फिंकेनॉर या संशोधकांनी १९८२ मध्ये आकडे मांडले: तुरुंग बघून आलेल्यांनी न बघितलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्रित आढावा झाला, त्याचाही कौल तोच. म्हणजे त्या पोरांना घरी बसवलं असतं तर बरं झालं असतं. पण घरी बसलेल्या पोरांचा फोटो काय डोंबल येणार!

फोटोवरून आठवलं. फ्लेक्स मोठा करा. वर प्रमुख पाहुणे, खाली पोरांचे चेहरे, नावं आणि ‘गुन्हेगारीकडून प्रगतीकडे’ असं ठसठशीत अक्षरात. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पाहुणे दोन तास उशिरा आले, पोरं उन्हात सुकली, तेव्हा कलम कोण वाचतं?

एवढं सगळं करूनही विद्यापीठातली समाजकार्याची एखादी मुलगी वही घेऊन येईलच. “सर, दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरातली सगळी नावं द्या ना. गळालेलीही द्या. आणि ज्यांना शिबिरात घेतलं नाही त्यांचीही यादी असेल तर बघू.” चिडू नका. चहा सांगा. मग चेहरा गंभीर करून म्हणा, “ताई, दिली असती हो. पण लेकरांच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे. कलम ७४!” मात्र ती यायच्या आधी ऑफिसातला तो फ्लेक्स आठवणीने भिंतीकडे तोंड करून ठेवा.