डिप्रेसिंग नको म्हणून चार्ल्स्टन अर्धं टाकून आलो

आम्ही राहतो त्या शार्लटहून साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला गाडीने साडेतीन-चार तास लागतात. १६७० साली वसलेलं शहर, गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पेटलेल्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा पहिला तोफगोळा जिथे सुटला ते बंदर, आणि आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला तिथे जाऊन फोटो काढून परत आलो. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. इतका पैसा, इतकं ड्रायव्हिंग, मुलांना एवढं समजावून नेलं होतं, आणि सगळं मातीत घातलं ते आमच्याच माणसांनी.

आधी बोटीच्या फेरीचं सांगते. त्या युद्धातला फोर्ट समटर हा किल्ला बेटावर आहे, तिथे बोटीनेच जावं लागतं. सकाळच्या फेरीची तिकिटं मी खूप आधी काढली होती, ग्रुपवर वेळ टाकली होती, आदल्या रात्री जेवताना प्रत्येकाला तोंडाने सांगितलं होतं की बोट थांबत नाही. सकाळी काय? एकाचं अजून अंघोळीचं पाणी, दुसऱ्याला कॉफी हवी, तिसऱ्यांच्या मुलाचा ग्रुपचा टी-शर्ट सापडत नाही. 'निघालोच', 'पाच मिनिटं', 'पार्किंग बघतोय'. आम्ही तीन कुटुंबं धक्क्यावर उभी, आणि ग्रुप तुटायला नको म्हणून आम्हालाही बोटीत चढू दिलं नाही. का? वेळेवर आलेल्या माणसाने उशिरा येणाऱ्यासाठी बोट सोडायची, हा कुठला न्याय? आणि नंतर वर तोंड करून 'अगं, चालतंय गं, ट्रिपला आलोय ना' हे ऐकायचं!

नाही चालत. माझा अकरा वर्षांचा मुलगा त्या किल्ल्यासाठी आला होता. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि युद्ध सुरू झालं, हे त्याने शाळेत वाचलंय. गुलामांच्या हातांनी घडवलेल्या विटा तिथे आहेत आणि ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे काही विटांवर अजून दिसतात, ते त्याला शोधायचे होते. आणि रॉबर्ट स्मॉल्स! गुलामगिरीत जन्मलेला हा तरुण दक्षिणेच्या सैन्याच्या 'प्लँटर' नावाच्या बोटीवर सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना, त्याने तीच बोट पळवली. वाटेत धक्क्यावरून बायकामुलांना आणि साथीदारांना घेतलं, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली, ठरलेल्या शिट्ट्या बरोबर वाजवत याच फोर्ट समटरच्या तोफांसमोरून बोट नेली आणि थेट उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिली. पुढे हा माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. ही गोष्ट ते पाणी दाखवत सांगितली असती तर एक पोर कंटाळलं नसतं. 'मुलं बोअर होतात' म्हणणाऱ्या आईबापांना आधी स्वतःला ऐकायचं नसतं.

खरा संताप पुढचा आहे. बोट गेली, हातात अख्खी सकाळ, आणि त्या धक्क्याच्या अगदी शेजारी गॅड्सडेन्स व्हार्फ हा जुना धक्का. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन गुलामांपैकी सुमारे ४० टक्के माणसं चार्ल्स्टनच्या बंदरातून आली असा अंदाज आहे. १८०८ पासून गुलामांची आयात कायद्याने बंद झाली, तर त्याच्या आधीची शेवटची दोन वर्षं याच व्हार्फवर जहाजांमागून जहाजं रिकामी केली गेली. तिथे २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. त्या जमिनीचा मान राखायचा म्हणून इमारत खांबांवर उचलून धरली आहे. खाली उथळ पाण्यात माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने झोपवलेल्या. पाणी ओसरलं की त्या दिसतात. त्या खालच्या बागेला तिकीटसुद्धा नाही!

मी म्हटलं, चला, पायी जाऊ. तर एक वहिनी म्हणाल्या, 'सुट्टीत डिप्रेसिंग नको गं काही.' बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि गाड्या काढून शहराबाहेरचं भारतीय रेस्टॉरंट शोधायला निघाले, कारण कोणाला तरी डोसा हवा होता. डोसा शार्लटला मिळतो. रोज मिळतो.

'रेनबो रो' या घरांच्या रांगेपुढे मात्र तासभर. तेरा रंगीत घरं, प्रत्येक घरासमोर प्रत्येक कुटुंब, मग सगळ्या बायका, मग सगळे पुरुष, मग उडी मारतानाचा व्हिडिओ. तिथून ओल्ड स्लेव्ह मार्ट चालत काही मिनिटांवर आहे. १८५६ मध्ये शहराने रस्त्यावरचे लिलाव बंद केले, तेव्हा भिंतीआड माणसं विकायला जी जागा सुरू झाली ती ही. छोटंसं संग्रहालय आहे, वेळही फार लागत नाही. त्याचं नाव काढलं तर 'आता ऊन झालंय'.

सिटी मार्केटमध्ये स्वीटग्रास नावाच्या गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या 'गल्ला' (Gullah) समाजाच्या, म्हणजे या किनाऱ्यावरच्या आफ्रिकन गुलामांच्या वंशातल्या बायका असतात. ही कला त्यांच्या पूर्वजांनी पश्चिम आफ्रिकेतून आणली, भातशेतीबरोबर. आपल्या सुपासारख्या रुंद पसरट टोपल्यांत कॅरोलायनाचं भात पाखडलं जायचं आणि त्या भातावर या शहरातले वाडे उभे राहिले. एक मोठी टोपली विणायला कित्येक दिवस जातात. आमच्यातल्या एकाने त्या बाईसमोर घासाघीस केली आणि मराठीत मोठ्याने 'गवताचे एवढे डॉलर?' म्हणून हसला. तिला भाषा कळली नसेल, हसणं कळलं. मला तिच्याकडे बघवेना.

आणि दुसऱ्या दिवशी बून हॉल, गुलामांच्या कष्टावर चाललेला जुना मळा. ओकच्या झाडांची ती प्रसिद्ध कमान, तिच्या कडेला गुलामांच्या नऊ विटांच्या खोल्या. एका खोलीत कुटुंबच्या कुटुंब राहायचं. आमच्या ग्रुपने त्या खोल्यांच्या दारात उभं राहून, एकसारखे टी-शर्ट घालून, गॉगल लावून पोझ दिल्या. एकीने दाराच्या चौकटीला टेकून रील केलं. आत फलक आहेत, माहिती आहे, कोणी वाचली नाही. रायगडावर कोणी गॉगल लावून प्रीवेडिंग शूट केलं की हीच माणसं पेटून उठतात, चार-चार परिच्छेदांचे मेसेज फिरवतात. आपल्या दगडांचा मान हवा, आणि दुसऱ्याच्या आजोबा-पणजोबांना जिथे कोंडलं होतं ती जागा रीलसाठी? मी तिथे बोलले, तर 'तू वातावरण बिघडवतेस' असं मला ऐकवलं गेलं.

वातावरण मी बिघडवलं नाही. 'सगळ्यांना जमेल तसं' या एका वाक्याने ही ट्रिप बिघडवली. सगळ्यांना जमेल तसं म्हणजे ज्याला काहीच बघायचं नाही त्याला जमेल तसं. ज्याला बघायचंय त्याने कायम गप्प बसायचं, समजून घ्यायचं, ॲडजस्ट करायचं. पोल टाकायचा, आणि पोलमध्ये जिंकलेलं म्युझियमही शेवटी जेवणाच्या वेळेत बसत नाही म्हणून कापायचं.

आता सव्हॅनाच्या ट्रिपचा पोल आलाय. मी 'नाही' वर बोट ठेवलं आणि कारणही लिहिलं, सरळ शब्दांत. दोघांनी फोन करून समजूत काढायचा प्रयत्न केला, त्यांनाही तेच सांगितलं. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं परत चार्ल्स्टनला जातोय. पहिली फेरी, मग म्युझियम, जेवण मिळेल तिथे. ग्रुपवर कळवणार नाही.